तीन पिंपे, एक घोडी आणि कॅमेरा

डिझेलचे किंवा तेलाचे दोनशे लिटरचे रिकामे पिंप शेतकऱ्याच्या घरी कधी वाया जात नाही. कोणी त्यात पाणी साठवतो, कोणी ते उभे कापून जनावरांना पाणी पाजायला डोणी करतो. अमेरिकेत शेतकरी आणि गुरेपाळ घराण्यांतल्या लेकी-सुनांनी याच पिंपाचा एक वेगळाच उपयोग केला आहे. मोकळ्या मैदानात तीन पिंपे मांडायची, घोड्यावर बसून भरधाव यायचे, तिन्ही पिंपांना एकेक वळसा घालायचा आणि आल्या वाटेने परत सुटायचे. जी सर्वांत कमी वेळात परत येईल ती जिंकली.

या खेळाला तिकडे ‘बॅरल रेसिंग’ म्हणतात. बॅरल म्हणजे पिंप. सारा खेळ पंधरा ते अठरा सेकंदांत आटोपतो. चुलीवरचे दूध उतू जायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो! एवढ्या थोड्या वेळात घोडीने काय केले आणि मुलीने काय केले, हे नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाही. ते फोटोत दिसते. म्हणून तिकडे लहानमोठ्या मैदानांच्या कुंपणाशी कोणीतरी कॅमेरा घेऊन उभे असतेच. हा फोटो कसा काढतात, त्यासाठी काय जाणावे लागते आणि त्यातून घरच्यांना काय मिळते, ते आज पाहू. ज्याच्या दावणीला जनावर आहे, त्याला यातले बरेचसे ओळखीचे वाटेल.

सुटीच्या दिवशीचे मैदान

‘रोडिओ’ हा शब्द मूळचा स्पॅनिश. चरायला सोडलेली गुरे चोहोबाजूंनी घेरून एका जागी आणणे, असा त्याचा अर्थ. मोठमोठ्या कुरणांवरचे गुराखी हे काम उरकले की आपापले कसब दाखवीत. कोणी अडेल घोडा काबूत आणी, कोणी पळत्या वासराच्या गळ्यात दोराचा फास टाकी. त्यातूनच पुढे शर्यती आणि बक्षिसे आली. आज मोठ्या शहरांत हजारो प्रेक्षकांपुढे रोडिओ होतात. पण या खेळाची मुळे आहेत ती लहान गावांच्या मैदानांत.

टेक्सास राज्यात डल्लास शहराच्या नैर्ऋत्येला सुमारे १६० किलोमीटरवर स्टीफनव्हिल नावाचे गाव आहे. हा भाग दुधाच्या धंद्यासाठी नावाजलेला. रोडिओत नाव कमावलेल्या कितीतरी जणांची घरेही याच भागात आहेत. अशा मुलखातल्या कोणत्याही मैदानावर सुटीच्या दिवशी गेलात तर देखावा साधारण सारखाच दिसतो. मोटारींना जोडलेल्या गाड्यांतून घोडे उतरत असतात. बाप घोड्याचा खूर उचलून नाल तपासतो आहे, आई खोगिराचा पट्टा आवळते आहे, आजी घडीची खुर्ची मांडून सावलीला बसली आहे. पाच-सहा वर्षांची चिमुरडी मुलेही घोड्यावर बसलेली दिसतात. त्यांचाही वेगळा गट असतो, आणि अगदी लहानग्यांचा घोडा मोठे माणूस हातात धरून चालवते.

घोडा बहुधा ‘क्वार्टर हॉर्स’ जातीचा. क्वार्टर म्हणजे पाव. पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे चारशे मीटरच्या धावेत हा घोडा फार वेगवान, म्हणून त्याला हे नाव पडले. पुठ्ठे भरदार, बांधा ठेंगणा आणि गुरांच्या मागे पळताना क्षणात थांबण्याची, क्षणात वळण्याची सवय अंगात मुरलेली. या जातीची नोंद ठेवणारी संस्था १९४० साली टेक्सासमध्येच, फोर्ट वर्थ येथे स्थापन झाली.

बेलाच्या पानासारखी वाट

आता शर्यतीची आखणी पाहू. तीन पिंपे त्रिकोणात ठेवतात. पहिली दोन एका ओळीत, एकमेकांपासून ९० फुटांवर. तिसरे त्यांच्या पुढे मधोमध, दोन्हींपासून १०५ फुटांवर. जेथून वेळ मोजायला सुरुवात होते ती रेषा पहिल्या दोन पिंपांच्या अलीकडे ६० फुटांवर. ही मापे पूर्ण आकाराच्या मैदानाची आहेत. जागा अपुरी असेल तर ती कमी करतात.

घोडा पहिल्या पिंपाला उजवीकडे वळला तर उरलेल्या दोन्ही पिंपांना त्याला डावीकडे वळावे लागते. पहिले वळण डावे असेल तर पुढची दोन उजवी. तिन्ही वळसे पुरे करून वरून पाहिले तर घोड्याची वाट बेलाच्या त्रिदळासारखी दिसेल.

पिंपाला अंग घासले तर चालते, पण पिंप पडले की वेळेत पाच सेकंदांची भर पडते. येथे हार-जीत सेकंदाच्या शंभराव्या भागाने ठरते. तेव्हा पाच सेकंद वाढणे म्हणजे शर्यत हातची गेलीच. वाट चुकली तर वेळच धरत नाहीत. वेळ मोजायला रेषेच्या दोन्ही टोकांना विजेचे यंत्र असते. त्याचा अदृश्य किरण घोड्याने तोडला की घड्याळ सुरू होते, आणि परतताना तोडला की थांबते.

लहान मैदानांवरच्या शर्यतींत एक सोय फार चांगली आहे. सर्वांत कमी वेळ घेणारी पहिल्या गटाची विजेती. तिच्याहून अर्धा सेकंद मागे असलेल्यांपासून दुसरा गट सुरू होतो, एक सेकंद मागे असलेल्यांपासून तिसरा, आणि त्याहूनही मागे असलेल्यांचा चौथा. प्रत्येक गटात वेगळे बक्षीस. त्यामुळे लाखमोलाच्या घोड्यांबरोबर घरच्या कामाच्या घोडीलाही बक्षिसाची आशा राहते. नवशिकी मुलगी आणि म्हातारी घोडी यांची जोडीसुद्धा हसत घरी जाऊ शकते.

आधी कुळवणी, मग शर्यत

शेतकऱ्याचे लक्ष येथे घोड्याआधी जमिनीकडे जाईल. मैदानात खाली घट्ट थर आणि वर काही इंच भुसभुशीत वाळूमिश्रित माती असावी लागते. माती फार सैल असली तर पाय रुततो आणि शिरांवर ताण येतो. कडक असली तर वळणावर खूर सरकतो. धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारतात, पण चिखल होणार नाही एवढेच. ठरावीक घोडे पळून झाले की पिंपे बाजूला काढतात आणि ट्रॅक्टरला दाताळे लावून सगळे मैदान पुन्हा सारखे करतात. मग पिंपे खुणेवर परत ठेवायची आणि पुढची नावे पुकारायची.

फोटो काढणाऱ्याला या कुळवणीचा उपयोग दोन तऱ्हांनी होतो. ताज्या मातीत घोडा वळला की खुरांखालून मातीचा फवारा उडतो आणि वेगाची कल्पना फोटोत येते. दुसरे असे की, दरवेळी ट्रॅक्टरचा एक फोटो काढून ठेवला म्हणजे वहीतल्या कोऱ्या पानासारखी खूण होते. घरी गेल्यावर कोणता फोटो कोणत्या मुलीचा, हे नावांच्या यादीशी ताडून पाहणे सोपे जाते. शंभर-दीडशे स्वार पळाले असतील तर ही युक्ती फार कामाची.

बायकांनी मिळवलेली जागा

या खेळात बहुतेक बायकाच का, असे कोणी विचारील. त्यामागे एक दुःखाची गोष्ट आहे. पूर्वी रोडिओत बायका अडेल घोड्यांवरही बसत. १९२९ साली ओरेगन राज्यातल्या पेंडलटन येथे बॉनी मॅकॅरोल ही नामवंत स्वार घोड्यावरून पडली. तिचा पाय रिकिबीत अडकला होता. काही दिवसांनी ती वारली. त्यानंतर बायकांसाठीचे असले खेळ बंद पडत गेले, आणि पुरुषांच्या मोठ्या रोडिओंत त्यांना स्पर्धक म्हणून जागा उरली नाही.

या बायका स्वस्थ बसल्या नाहीत. १९४८ साली टेक्सासमधल्या सॅन अँजेलो येथे ३८ जणी एकत्र आल्या आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. नियम त्यांनी ठरवले, बक्षिसे त्यांनी मिळवून दिली. रोडिओच्या आयोजकांशी बोलणी करून पिंपांची शर्यत त्यांनी कार्यक्रमात बसवली. १९८१ साली या संघटनेने व्यावसायिक महिला रोडिओ संघटना असे नाव घेतले आणि ती आजही चालू आहे.

या खेळातली सगळ्यांत गाजलेली जोडी म्हणजे शार्मेन जेम्स आणि तिचा घोडा स्कॅम्पर. शार्मेन न्यू मेक्सिको राज्यातल्या क्लेटन गावची. स्कॅम्पर काही राजेशाही तबेल्यातला नव्हे. खाद्य घालून गुरे पुष्ट करण्याच्या गोठ्यावर तो कामाला होता, आणि स्वाराला पाडतो अशी त्याची ख्याती होती. शार्मेनच्या वडिलांनी तो ११०० डॉलरला घेतला. या जोडीने १९८४ ते १९९३ अशी ओळीने दहा वर्षे जगज्जेतेपद मिळवले. पहिले मिळाले तेव्हा शार्मेन अवघी चौदा वर्षांची होती.

१९८५ साली लास व्हेगास येथे अंतिम स्पर्धेत धाव सुरू होताना स्कॅम्परची लगामाची पट्टी सुटली. तोंडातली कडीही पुढे निसटली. लगाम नसलेल्या घोड्याने तिन्ही वळसे बिनचूक घातले आणि ती फेरी जिंकली! त्या धावेची छायाचित्रे आणि चित्रफीत आहेत, म्हणून त्या दिवशी तेथे नसलेल्यांनाही ही गोष्ट पटते. स्कॅम्पर २०१२ साली वारला तेव्हा त्याचे वय ३५ होते.

घोडा आणि कॅमेरा यांची जुनी ओळख

धावत्या घोड्याचा फोटो ही मोठी परीक्षा आहे, आणि ती कॅमेऱ्याने फार पूर्वीच दिली. घोडा चौखूर उधळतो तेव्हा त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, यावर पूर्वी वाद होता. कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर लेलँड स्टॅनफर्ड यांना घोड्यांचा मोठा शौक होता. त्यांच्या पालो आल्टो येथील तबेल्याजवळ जून १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने बारा कॅमेरे ओळीने मांडले आणि वाटेत आडवे धागे ताणले. सॅली गार्डनर नावाची घोडी पळत गेली तसे तिच्या पायांनी धागे ओढले गेले आणि एकामागून एक फोटो निघाले.

चारही पाय सुटतात, हे त्यातून सिद्ध झाले. पण गंमत पुढेच आहे. चित्रकार तोवर पळत्या घोड्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेले काढीत. फोटोत उलटेच दिसले. पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असतात तेव्हा. पिढ्यान्‌पिढ्या घोडे पाळणाऱ्यांच्याही नजरेतून ही गोष्ट निसटली होती.

रोडिओच्या फोटोंत एका बाईंचे नाव आदराने घेतले जाते. त्या लुईस सर्पा. जन्म १९२५ चा, न्यूयॉर्कमधल्या सधन घरातला. पुढे त्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या टुसॉन येथे दोन मुलींना घेऊन राहिल्या. पोटापाण्यासाठी त्या मुलांच्या लहान रोडिओंत फोटो काढून आईबापांना विकू लागल्या. १९६३ साली त्यांना प्रत्यक्ष मैदानात उतरून फोटो काढण्याची रीतसर परवानगी मिळाली. ही परवानगी मिळालेल्या त्या पहिल्या महिला. क्षणभरही लक्ष ढळू द्यायचे नाही, हा त्यांचा नियम होता. उधळलेल्या जनावरांपासून चार हातांवर उभे राहायचे म्हणजे हा नियम जिवाशीच निगडित. जवळजवळ पन्नास वर्षे त्यांनी हे काम केले. २०१२ साली, ८६ व्या वर्षी, त्या वारल्या. आज मोठ्या संग्रहांत मानाने ठेवलेल्या त्यांच्या फोटोंची सुरुवात आपल्या पोराचा फोटो घरी हवा असणाऱ्या आईबापांपासून झाली.

उभे कोठे राहावे, कळ केव्हा दाबावी

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिली गोष्ट जागेची. नवखा माणूस तिन्ही पिंपांचे फोटो काढायला जातो आणि एकही नीट येत नाही. जाणते लोक एकच पिंप धरतात. पुष्कळांना तिसरे आवडते. त्याच्या मागच्या बाजूला कुंपणाबाहेर उभे राहिले की घोडा समोरून येतो, पिंपापाशी आडवा होतो आणि मुलीचा चेहरा दिसतो. वळून झाले की मात्र शेपटीच दिसणार, म्हणून जे काही टिपायचे ते त्याआधी. पहिल्या पिंपाचा फोटो हवा असेल तर समोरच्या कुंपणाशी जावे. वळसा पुरा करून दुसऱ्या पिंपाकडे झेपावणारा घोडा तेथून छान मिळतो.

जागा धरण्यापूर्वी घोड्यामागे काय दिसते तेही पाहावे. उभ्या मोटारी, फलक, कचऱ्याचा डबा यांनी चांगला फोटो बिघडतो. दोन पावले सरकले किंवा गुडघ्यावर बसले की बहुतेक वेळा ही अडचण सुटते. ऊन आपल्या पाठीमागून यावे. टोपीच्या काठाखाली मुलीचा चेहरा काळवंडतो, म्हणून उतरत्या उन्हाची वेळ उत्तम. तेव्हा उजेड टोपीखाली शिरतो.

दुसरी गोष्ट वेगाची. साधा हिशेब करू. घोडा ताशी ४५ किलोमीटर पळत असेल तर सेकंदाला साडेबारा मीटर जातो. कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाचा पन्नासावा भाग उघडा राहिला तर तेवढ्यात घोडा २५ सेंटिमीटर सरकलेला असतो, आणि फोटोत नुसता फराटा येतो. पडदा सेकंदाचा हजारावा भागच उघडा ठेवला तर घोडा सव्वा सेंटिमीटर सरकतो. मग आयाळीचे केस आणि मातीची ढेकळेही वेगवेगळी दिसतात. म्हणून उजेड पुरेसा असेल तेथे हजारावा भाग किंवा त्याहून कमी वेळ ठेवतात. छपराखालच्या मैदानात दिव्यांचा उजेड मंद असतो. तेथे मोठ्या तोंडाचे भिंग लागते आणि कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची शक्ती वाढवावी लागते. त्याने फोटो थोडा दाणेदार होतो, पण फराट्यापेक्षा दाणे बरे.

तिसरी गोष्ट कळ दाबण्याची. चांगला क्षण डोळ्यांना दिसला आणि मग कळ दाबली तर तो क्षण निघून गेलेला असतो. घोड्याच्या चालीला ताल असतो. दहा-बारा घोडे नुसते पाहावेत, मनात तो ताल धरावा आणि किंचित आधी कळ दाबावी. मागचे पाय पोटाखाली आलेले, पुढचे उचलू लागलेले, अंग पिंपाभोवती धनुष्यासारखे वाकलेले, मुलीचा एक हात खोगिराच्या मुठीवर आणि नजर पुढच्या पिंपाकडे, असा फोटो मिळाला की काम झाले. पिंप संपूर्ण दिसले पाहिजे आणि घोड्याचे खूर कापले जाता कामा नयेत. खूर कापलेला फोटो घोडेवाला विकत घेत नाही.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती कॅमेऱ्याची नाही. घोडा बुजता कामा नये. दिव्याचा झोत मारायचा असेल तर आधी आयोजकांना विचारावे. पुष्कळ ठिकाणी त्याला मनाईच असते. घोडे ज्या बोळातून मैदानात येतात तेथे गर्दी करू नये, कुंपणाच्या गजांतून कॅमेरा पुढे काढू नये, अंगावरचे कापड किंवा पिशवी फडफडू देऊ नये. वळणावर असलेला घोडा बुजला तर एका फोटोपायी मुलीचा हातपाय मोडू शकतो. आणि कोणी पडलेच तर कॅमेरा खाली ठेवून आधी वाट मोकळी करावी. पडल्याचा फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय कोणाला दाखवू नये, हा जाणत्यांचा शिरस्ता आहे.

फोटो काय सांगतो

घड्याळ फक्त वेळ सांगते. ती वेळ का लागली, हे फोटोत सापडते. मुलीची नजर पुढच्या वाटेकडे असायला हवी. फोटोत ती पिंपाकडेच पाहताना दिसली तर पिंप का पडले ते कळते, कारण स्वाराची नजर जाते तिकडे त्याचे अंग झुकते आणि अंग झुकते तिकडे घोडा जातो. घोड्याचे तोंड आ वासलेले आणि मान ताठ वर असेल तर हात लगामावर जड पडला आहे. खोगीर एका बाजूला सरकलेले असेल तर पट्टा सैल राहिला.

याहून मोलाची एक गोष्ट आहे. तोच घोडा, तेच पिंप, तीच जागा, असे आठवड्यामागून आठवडे फोटो काढले आणि शेजारी शेजारी ठेवले तर बदल दिसू लागतो. पूर्वी खोल वाकणारा घोडा एका बाजूला वाकेनासा झाला, कान सतत मागे पडलेले दिसू लागले, एक पाय पोटाखाली कमी येऊ लागला, तर तो आळस असेलच असे नाही. दुखणे असू शकते. जनावर बोलत नाही. मुलीला वाटते घोडा हट्टी झाला, बापाला वाटते मुलगी सैल पडली, आणि घरात उगाच बोलाचाली होते. फोटो म्हणजे काही पशुवैद्याचे निदान नव्हे, पण डॉक्टरला वेळेवर बोलवायला तो पुरेसे कारण देतो. पायाची दुखावलेली शीर आठ दिवस आधी ओळखली तर घोडा वाचतो. पळवत राहिले तर तो कायमचा लंगडा होऊ शकतो.

म्हणूनच तिकडे जनावरांत वाढलेला फोटोवाला लोकांना जवळचा वाटतो. कोणता फोटो सगळ्यांपुढे मांडायचा आणि कोणता मुलीच्या आईला बाजूला नेऊन दाखवायचा, हे त्याला कळते.

फोटोवाल्याचा संसार

पूर्वी एका फिल्मवर छत्तीस फोटो निघत आणि प्रत्येकाला पैसे पडत. त्यामुळे एका स्वाराचे एक किंवा दोनच फोटो काढायचे. चुकला तर गेला. आताचा कॅमेरा एका दमात दहा-वीस फोटो काढतो. फिल्मचा खर्च गेला, पण निवडण्याचे काम वाढले. रात्री उशिरापर्यंत बसून शेकडो फोटोंतून चांगले वेचायचे, प्रत्येकावर नाव घालायचे आणि मग लोकांना पाहायला ठेवायचे.

विक्रीही पूर्वीसारखी सोपी राहिली नाही. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. नमुना म्हणून ठेवलेल्या फोटोचीच नक्कल करून घेणारेही असतात. बाजारात वांगी चाखायची आणि पिशवी न भरता निघून जायचे, तसाच हा प्रकार. तरीही चांगल्या फोटोला मागणी राहते, कारण वळणावरचा तो एक क्षण मोबाइलवर सहज येत नाही, आणि मुलगी पळत असताना आईचे हात थरथरत असतात!

आपल्या हातातला मोबाइल

आपल्याकडे पिंपांची शर्यत नाही, पण बैलगाडा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने थांबलेल्या शर्यतींना १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून घाटावर मोबाइल उंचावलेले हातही वाढले आहेत. वर सांगितलेले बरेचसे तेथेही लागू पडते.

फोटोसाठी घाटात उतरू नका. अडसराच्या मागेच राहा. एक जागा धरा. मोबाइल आडवा धरा, बोटाने चित्र ओढून मोठे करण्याऐवजी आधीच जवळची सुरक्षित जागा मिळवा. बैल जेथून जाणार तेथल्या जमिनीवर किंवा खांबावर बोट दाबून ठेवा, म्हणजे बऱ्याच मोबाइलमध्ये स्पष्टता आणि उजेड तेथे पक्के होतात. ओळीने फोटो निघण्याची सोय असेल तर ती वापरा आणि नंतर एक चांगला ठेवून बाकीचे पुसा. जनावराला मारणे-टोचणे नियमाने मना आहे. तुमच्या फोटोत तसे काही दिसले तर त्याचे कौतुक न करता गाडामालकाला सांगा.

शर्यत नसली तरी हरकत नाही. पोळ्याला सजवलेला बैल, पहिल्यांदा व्यालेली गाय, बाजारातून आणलेले शिंगरू यांचे फोटो आपण काढतोच. दर दोन-तीन महिन्यांनी जनावराला एकाच जागी, एकाच बाजूने, सपाट जमिनीवर उभे करून एक फोटो काढा. अंग भरते आहे की उतरते आहे, पाय सारखा टेकतो आहे की नाही, हे मागच्या फोटोशी ताडून पाहता येईल. डॉक्टर आल्यावर दाखवायलाही तो उपयोगी पडेल.

आणि एक काम मात्र विसरू नका. मोबाइल पाण्यात पडतो, बिघडतो, बदलला जातो. वर्षातले दोन-चार चांगले फोटो गावातल्या किंवा तालुक्याच्या फोटोवाल्याकडून कागदावर काढून घ्या. मागच्या बाजूला पेन्सिलीने जनावराचे नाव, वय, तारीख आणि शेजारी उभ्या असलेल्या पोराचे किंवा पोरीचे नाव लिहा. तीस वर्षांनी तीच पोर आपल्या मुलांना तो फोटो दाखवील, आणि बैल कोणता होता हे सांगायला तिला कोणाला विचारावे लागणार नाही.